विनापरवानगी

त्या उन्हाळ्यात नदी वेळेआधीच आटली. गावाखालच्या धुण्याच्या जागी पाणी आधी घोट्याएवढं राहिलं, मग दगडांच्या फटीत राहिलं, आणि मग तेही गेलं. पाणी उरलं ते वरच्या अंगाला, एका डोहात. डोहाकडे जाणारी पायवाट एका मळ्यातून जात होती, आणि मळेवाल्याने त्याच वेळी मळ्याला तारेचं कुंपण घालायचं ठरवलं. खांब रोवून झाले होते. तारेची भेंडोळी बांधावर येऊन पडली होती.

हे सगळं मला एका फायलीतून कळलं. मी तेव्हा कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत मोफत कायदा मदतीच्या कचेरीत काम करत होतो. कचेरी म्हणजे कोर्टाच्या मागच्या जिन्याखालची खोली. दोन टेबलं, एक बाक आणि दार लागत नाही म्हणून सुतळीने बांधलेलं कपाट. सगळा कारभार एका वकीलबाईंवर. पन्नाशीच्या, कानावर पेन्सिल, चहा नेहमी गार झाल्यावर आठवायचा. साठेक फायली त्यांच्या गळ्यात होत्या. पहिला आठवडाभर त्यांनी मला त्या फायली तारखेप्रमाणे लावायला बसवलं, आणि मी आतल्या आत धुमसत राहिलो. परीक्षेत पहिल्या पाचात आलेला मुलगा मी. माझी अक्कल सुतळीच्या गाठी सोडण्यात चाललीय असं मला वाटायचं. आज त्या मुलाची आठवण आली की दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

दुसऱ्या आठवड्यात धोबीण आली. बरोबर तिचा नवरा होता. तिला सगळे मावशी म्हणत, त्याला इस्त्रीकाका. मावशी पंचावन्नच्या आसपासची, काटक, आणि तिचे हात कोपरापासून खाली वेगळ्याच बाईचे वाटत होते, इतके पांढुरके आणि सुरकुतलेले. ती बाकाच्या अगदी टोकाला टेकली. काका उभेच राहिले. बसलं की पाठ धरते म्हणाले.

"मळा टाळून पुलावरून फिरून गेलं तर डोहापर्यंत किती लागतं?" वकीलबाईंनी विचारलं.

"जाताना दीड तास, बाई. येताना ओलं ओझं असतं. येताना किती लागेल ते अजून मोजलं नाही," मावशी म्हणाली. "दवाखान्याच्या चादरी असतात, वसतिगृहाचे कपडे असतात. आज नेलं की उद्या संध्याकाळी द्यायचं, असा शब्द दिलाय. पुलावरून गेलो तर शब्द पाळता येत नाही. शब्द गेला की काम गेलं. दुसरं काय येतंय आम्हाला?"

"वाट किती वर्षांची?"

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून, दर उन्हाळ्यात खालचं पाणी आटलं की. एकतीस वर्षं झाली. त्याच्या आधी सासू जायची."

वकीलबाईंनी पेन्सिल कानावरून काढली. "तारीख पंधरा दिवसांवर आहे. तोवर तार लावणार नाही असं मळेवाल्याच्या वकिलाने सांगितलंय." मग माझ्याकडे वळल्या. "तू जा. चार दिवस यांच्याबरोबर चाल. वाट मोज, माणसांशी बोल, आणि मावशींचा जबाब लिहून आण. जे दिसेल, जे ऐकशील, ते लिही. कळलं?"

मला चांगलं कळलं. शेवटी माझ्या लायकीचं काम मिळालं, एवढंच कळलं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसने गेलो. उजाडत होतं. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत काकांचं इस्त्रीचं टेबल, त्यावर जळून तपकिरी झालेली घोंगडी, आणि कोळशाची इस्त्री. आत भिंतीशी कपड्यांचे ढीग, आणि सगळ्या घराला सोड्याचा आणि निळीचा वास. मावशीची सून जमिनीवर बसून कपड्यांना दोऱ्याच्या खुणा घालत होती. कॉलरच्या आत तांबडे दोन टाके म्हणजे वसतिगृह, काळी फुली म्हणजे मास्तर. तिचा नवरा दूर कुठे ट्रकवर होता, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा.

"हे बूट घालून येणार?" तिने माझ्या पायांकडे बघून विचारलं.

"का?"

"काही नाही. बूट चांगले आहेत म्हणून म्हटलं." आणि दोरा दाताने तोडून तिने हसू गिळलं.

मी मदत म्हणून एक गाठोडं उचलायला गेलो. ते हललं, पण उठलं नाही. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा कमरेत उसण भरली आणि मी तसाच वाकलेला राहिलो. मावशीने मला बाजूला केलं, सुनेने आणि तिने मिळून ते मावशीच्या डोक्यावर चढवलं. सुनेच्या डोक्यावर दुसरं. माझ्या हातात सोड्याचा डबा आणि धोपाटणं दिलं.

"ते तरी नीट धरा, साहेब," काका पडवीतून म्हणाले. "डबा सांडला तर वाटेत गवतसुद्धा स्वच्छ होईल."

काकांना बोलायला कुणीतरी लागायचं. कोळसे फुंकता फुंकता ते मला म्हणाले होते, "गावात कुणाकडे कोण आजारी, कुणाचं भांडण झालं, कोण वेगळं निजतं, सगळं आम्हाला चादरी सांगतात. पण आपण तोंड उघडायचं नाही. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगत फिरायचं नाही. या धंद्याला एवढं कळलं की पुरे."

मी ते वहीत लिहून घेतलं होतं. माणूस मोठा मजेदार आहे, असंही लिहिलं.

वाट गावामागून उतरत मळ्याच्या बांधाला लागत होती. मी दोरीने मोजत होतो, आकडे लिहीत होतो. बांधाशी आल्यावर मावशी थांबली. सून तिच्यामागे थांबली. डोक्यावर तेवढं ओझं, मान ताठ, आणि दोघी उभ्या. मला वाटलं दम खायला थांबल्या. तेवढ्यात मावशीने मळ्यातल्या घराच्या दिशेने आवाज दिला.

"आजी, जाऊ का हो?"

थोडा वेळ काही नाही. मग घरातून मळेवाल्याच्या आईचा बारीक, चिरका आवाज आला. "जा गं, जा. सावकाश जा."

मग त्या चालू लागल्या. संध्याकाळी परत येताना पुन्हा तेच. "आजी, येऊ का हो?" आणि आतून, "ये गं, ये."

"हे रोजचं आहे?" मी विचारलं.

"रोजचं म्हणजे? दुसऱ्याच्या रानातून जायचं तर विचारून नको का जायला? सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"आणि आतून कुणी बोललं नाही तर?"

"तर थांबायचं. एकदा आजी बोलल्याच नाहीत. आम्ही उभ्या, ऊन वर आलं, मानेला कळ लागली. मग ओझी खाली टाकून घरात जाऊन बघितलं तर तापाने फणफणलेल्या. डॉक्टरला मीच आणलं."

ती हे सहज सांगत होती आणि मी मोजायची दोरी हातात धरून जागीच थांबलो होतो. आमच्या प्राध्यापकांनी फळ्यावर चार शब्द लिहिले होते, आणि ते मला झोपेतही म्हणता आले असते. वहिवाटीचा हक्क मिळायला वाट वापरली पाहिजे ती उघडपणे, विनाखंड, हक्काने आणि विनापरवानगी. मालकाची परवानगी असेल तर तो हक्क होत नाही, ती मालकाची मर्जी होते, आणि मर्जी केव्हाही फिरते. म्हणजे ही बाई एकतीस वर्षं मुकाट्याने, न विचारता, बेमुर्वतपणे चालली असती तर वाट तिची झाली असती. रोज दोनदा विचारून तिनेच ती घालवली होती.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? केसमधलं भोक मला सापडलं होतं, आणि ते बुजवणारा मीच होतो.

पुढचे दोन दिवस मी डोहावर बसून काम बघितलं. मावशी आणि सून गुडघाभर पाण्यात उभ्या राहत. चादर भिजवायची, सोडा चोळायचा, घडी करून डोक्यावरून फिरवून दगडावर आपटायची. आपटताना दोघींच्या तोंडून एक हुंकार निघायचा, एकीचा संपला की दुसरीचा. मग दोघींनी दोन टोकं धरून पिळायचं. दुपारी खडकावर चादरी पसरल्या की डोळे दिपायचे. सूर्य डोक्यावर आला की मी झाडाखाली जायचो आणि त्या पाण्यातच असायच्या. सुनेच्या पायाची बोटं सोड्याने चिरली होती. ती त्यांत मेण भरून यायची. माझे बूट पहिल्याच दिवशी चिखलात रुतून निकामी झाले होते, आणि तिने त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. तेच जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी मी जबाब लिहून आणला. सुरेख लिहिला होता. मावशी चादर पिळत होती, तशीच तिला म्हणालो, "मावशी, एक गोष्ट. कोर्टात विचारून जाता ते सांगायचं नाही."

"काय सांगायचं नाही?"

"तुम्ही आजींना आवाज देता ते."

तिने पीळ सोडला. "मग काय सांगायचं?"

"की वाटेवर तुमचा हक्क आहे. विचारायची गरज नाही."

"गरज नाही हो. पण माणूस विचारतो ना."

"तेच सांगायचं नाही. विचारलं म्हटलं की केस गेली. वाट गेली. समजतंय का?"

"विचारलं म्हणून गेली?" तिला हे काही केल्या पटेना. ती सुनेकडे बघायला लागली. सून माझ्याकडे बघत होती.

"कायदा असाच आहे," मी म्हणालो. हे वाक्य त्या महिन्यात मी फार वापरलं. "आणि उद्यापासून आवाजही द्यायचा नाही. रोज आवाज देत राहिलात तर मळेवाला साक्षीदार उभे करील."

"न विचारता जायचं?"

"हो."

"आजी काय म्हणतील?"

"मावशी, तुम्हाला पाणी पाहिजे का आजी?"

असं मी म्हणालो. त्या बाईला, जी एकतीस वर्षं पाण्यात उभी होती, तिला मी झाडाच्या सावलीतून हे विचारलं. तिने सुटलेली चादर पुन्हा हातात घेतली. म्हणाली, "तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणता तर तसं."

मी जबाब वाचून दाखवला. भरभर वाचला. "सदर वाटेचा वापर अर्जदार गेली एकतीस वर्षे उघडपणे, विनाखंड, हक्काने व विनापरवानगी करीत असून मालकाने वा त्याच्या कुटुंबीयांपैकी कोणीही तशी परवानगी कधीही दिलेली नाही व अर्जदाराने ती मागितलेली नाही." ती मान डोलावत ऐकत होती, तिकडे चादर पाण्यात जात होती ती पायाने अडवत होती. लिहिता येत नव्हतं तिला. अंगठा घ्यायचा होता. शाईच्या डब्यात अंगठा बुडवून कागदावर टेकवला तर नुसता डाग उठला. रेषाच नव्हत्या. सोड्याने केव्हाच खाल्ल्या होत्या. तिने अंगठा अंगावर पुसला, उन्हात धरला, पुन्हा टेकवला. चौथ्यांदा कडेला दोन-चार रेषा आल्या.

"झिजला हो," ती ओशाळून म्हणाली. "चालेल ना?"

चालेल, म्हणालो.

चौथ्या दिवशी मी मुद्दाम पहिल्या बसने गेलो. बांधाशी आल्यावर मावशीचे पाय आपोआप थांबले. मी मागून म्हणालो, "चला." ती चालू लागली. मान खाली घालता येत नव्हती, डोक्यावर ओझं होतं; तिने डोळे तेवढे खाली घातले. आम्ही तिघं चोरासारखे त्या मळ्यातून निघालो. निम्म्या वाटेवर गेलो तेव्हा आजी घराच्या दारात आल्या. वाकलेल्या, एक हात चौकटीला, दुसरा कपाळावर धरलेला.

"कोण गं? तू आहेस का?"

सुनेने तोंड उघडलं. मावशीने तिचा दंड घट्ट धरला.

"आज काय झालं? बरं नाही का तुला?" आजींनी विचारलं. मग जरा थांबून, वाऱ्यालाच सांगितल्यासारखं, "जा गं, जा."

त्या दिवशी डोहावर मावशी चादर इतक्या जोरात आपटत होती की एक फाटली. दवाखान्याची होती. तिने ती बाजूला काढून ठेवली, शिवून द्यायला.

कचेरीत वकीलबाईंनी जबाब वाचला. घाईत होत्या, बाहेर लोक थांबले होते. एका ओळीवर पेन्सिल थांबली. "'विनापरवानगी.' शब्द मोठा आहे. हे तिनेच सांगितलंय ना?"

"हो," मी म्हणालो.

"छान लिहितोस," त्या म्हणाल्या आणि सही करून टाकली. दिवसभर मी हवेत होतो.

तारखेला मावशी धुतलेलं, काकांनी कडक इस्त्री केलेलं लुगडं नेसून आली. काका पाठ धरून भिंतीला टेकले होते. सून बाकावर. पलीकडच्या बाकावर मळेवाला, आणि त्याच्याशेजारी आजी. आजींना त्याने साक्षीला आणलं नव्हतं. त्याच म्हणे हट्टाने आल्या होत्या, तिला काय झालंय ते बघायचंय म्हणून. मावशीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग पूर्ण वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली.

समोरचा वकील सभ्य माणूस होता. आवाज चढवला नाही. मावशी पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ झाली, आणि त्याने जबाब हातात घेऊन ती लांबलचक ओळ पुन्हा वाचली. मग सोपं करून विचारलं, "म्हणजे एकतीस वर्षांत तुम्ही कधी परवानगी मागितली नाही, आणि यांच्या घरातल्या कुणी ती दिली नाही. खरं आहे?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. अगदी थोडी, कुणाला दिसणार नाही एवढी.

"खरं आहे," ती म्हणाली.

"अगं!" आजी म्हणाल्या.

मोठ्याने नाही म्हणाल्या. पण खोलीतले सगळे वळले. मळेवाला त्यांचा हात धरून बसवायला लागला, तो झटकून त्या बाकाच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "मी रोज 'जा' म्हणत होते, ते कुणाला?"

न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं. आजी बसल्या नाहीत. त्यांना ऐकू गेलं नसावं. मावशीचे दोन्ही हात पिंजऱ्याच्या कठड्यावर होते, ते तिने काढले आणि तोंडावर धरले. त्या हातांमागून ती बोलली, त्यामुळे पहिले शब्द कळले नाहीत. न्यायाधीश म्हणाले, हात काढून बोला.

"खोटं बोलले, साहेब. रोज विचारलं. एक दिवस विचारल्याशिवाय पाऊल टाकलं नाही, हे मागचे दिवस सोडून. आजींनी कधी नाही म्हटलं नाही. ताप होता तेव्हासुद्धा खुणेने जा म्हणाल्या."

"मग जबाबात हे कुणी लिहिलं?"

तिने आता माझ्याकडे पाहिलं नाही. "मीच सांगितलं असेल."

"असेल म्हणजे? सांगितलं की नाही?"

"मीच सांगितलं."

"वाचून दाखवला होता?"

"दाखवला होता. नीट दाखवला होता."

मी तिच्यापासून दहा पावलांवर बसलो होतो. उभं राहून दोन वाक्यं बोलायची होती. त्याला वकिलीची सनद लागत नाही, पुस्तकं लागत नाहीत. माझ्या मांडीवर वही होती आणि मी तिच्या कोपऱ्याला घडी घालत होतो, उलगडत होतो, पुन्हा घालत होतो. सुनेची नजर मला कानाशी जाणवत होती.

न्यायाधीशांनी फार वेळ घेतला नाही. जी बाई रोज विचारून जाते तिचा तो हक्क नव्हे, मालकाची मेहेरबानी, असं ते म्हणाले. आणि जी शपथेवर खोटा जबाब देते तिच्यासाठी कोर्टाने तार थांबवण्याचं कारण नाही. जबाब खोटा दिल्याबद्दल तिला समज देण्यात आली. ती समज तिने उभ्याने, मान खाली घालून घेतली. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाईंनी मळेवाल्याला गाठलं. "कोर्टाचं सोडा. एक फाटक ठेवा हो. आजी देतील परवानगी."

"ठेवणारच होतो, बाई," तो म्हणाला. तो राक्षस नव्हता. चाळिशीचा थकलेला माणूस होता, रोपांत जनावरं शिरतात म्हणून वैतागलेला. "आई पहिल्यापासून सांगत होती, बाईपुरतं फाटक ठेव. तुमची नोटीस आली तरी मी म्हटलं, बघू. पण दहा दिवस आई रोज दारात उभी राहायची, आणि या खालच्या नजरेने निघून जायच्या. तिने काय केलं असं? आणि आज भर कोर्टात लिहून आणलं की या घरातल्या कुणी कधी जा म्हटलं नाही. आता तार लागेल. मला सांगू नका."

तो आईला हाताला धरून जिना उतरायला लागला. आजी एकेका पायरीवर थांबत होत्या. मावशी जिन्याच्या वरच उभी होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिने मारली नाही, आणि आजींनी वळून पाहिलं नाही.

वकीलबाई माझ्याकडे आल्या. त्यांचा चेहरा मी कधी असा बघितला नव्हता. "हे आधी कळलं असतं तर मी कोर्टाची पायरी चढले नसते. त्या म्हातारीच्या दारात जाऊन बसले असते, दोन ओळी लिहून घेतल्या असत्या. संपलं असतं." मग हळू आवाजात विचारलं, "ती रोज विचारून जाते हे तुला ठाऊक होतं?"

मावशी चार हातांवर होती. सून तिच्याशेजारी.

"नाही," मी म्हणालो.

वकीलबाईंनी सुस्कारा टाकला आणि मावशीकडे वळल्या. "मावशी, आपल्या माणसांपासून लपवायचं नसतं हो. आम्ही तुमच्याच बाजूचे ना?"

"चुकलं, बाई," मावशी म्हणाली.

तार दुसऱ्याच दिवशी लागली.

पुढे दहा-बारा दिवसांनी, माझा कचेरीतला शेवटचा आठवडा होता तेव्हा, वकीलबाईंनी मला हुकमाची नक्कल मावशीला नेऊन द्यायला पाठवलं. टपालाने जाऊ शकली असती. मी तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या, माणसाने गेलेलं बरं. बसमध्ये मी सगळं ठरवलं. काय बोलायचं, कोणत्या शब्दांत बोलायचं. चूक माझी होती, मावशी. लिहिलं मी, शिकवलं मी, आणि विचारलं तेव्हा नाही म्हणालोही मीच. उद्या वकीलबाईंनाही सांगतो. तोंडात घोळवून घोळवून वाक्यं गुळगुळीत झाली.

घरी काका एकटेच होते. इस्त्रीखाली कोळसे नव्हते. टेबलावर मास्तरांचे दोन शर्ट होते, बाकी काही नाही. दवाखान्याने चादरी शहरात यंत्रावर धुवायला टाकल्या होत्या. वसतिगृह अजून होतं, पण कुरकुरत होतं. "पुलाच्या रस्त्याला जा," काका म्हणाले. "भेटतील वाटेत." गंमत काही केली नाही त्यांनी. नक्कल मी काकांच्याच हातात देऊ शकलो असतो. मी पुलाच्या रस्त्याला गेलो, एवढं एक माझ्या बाजूने सांगता येतं.

रस्ता डांबरी, दोन्ही बाजूंना झाड नाही. दुपारचे चार वाजले असतील. लांबून त्या दोघी दिसल्या. ओझी ओली होती. गाठोड्यातून पाणी मावशीच्या कपाळावरून, मानेवरून ओघळत होतं आणि डांबरावर पडून लगेच सुकत होतं. चाल बदलली होती तिची; उजवा पाय टेकताना अंग एका बाजूला जात होतं. एक ट्रक गेला आणि दोघींना रस्ता सोडून उतारावर उतरावं लागलं. धूळ बसेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. ती धूळ ओल्या कपड्यांवर बसली, म्हणजे वरची चादर घरी जाऊन पुन्हा धुवायची.

मला पाहिल्यावर मावशी थांबली. सुनेला म्हणाली, "उतरव गं."

"पुन्हा चढवायचं कसं?" सून म्हणाली. खरंच होतं ते. तिच्याही डोक्यावर होतं.

"उतरव. मला बोलायचंय यांच्याशी."

सुनेने स्वतःचं ओझं उताराच्या दगडावर टेकवलं, मग सासूचं उतरवलं. मावशीने मान दोन्ही बाजूंना वळवली, तोंडावरचं पाणी पुसलं आणि माझ्यासमोर हात जोडले.

"साहेब, रागावला असाल तुम्ही."

मी खिशातली नक्कल काढून हातात धरली.

"तुम्ही इतकं समजावून सांगितलं होतं. उन्हातान्हात चार दिवस आमच्यामागे फिरलात, बूट खराब झाले तुमचे. एवढं चांगलं लिहिलंत. आणि मला एक वाक्य तोंडात धरवलं नाही. आजी समोर उभ्या राहिल्या आणि सगळं विसरले. माझ्यामुळे तुमच्या नावाला बट्टा लागला. त्या बाई तुम्हाला बोलल्या असतील."

"नाही, नाही," मी म्हणालो.

"मी आलेच असते कचेरीत माफी मागायला. पण आता दिवसच पुरत नाही." तिचे ते पांढुरके हात अजून जोडलेले होते. "मोठ्या मनाने माफ करा."

बसमधली सगळी वाक्यं माझ्या जिभेवर होती. एकही कमी नव्हतं. सून ओझ्याला हात लावून उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. डोहावर मी काय म्हणालो होतो ते तिने ऐकलं होतं. व्हरांड्यात मी काय म्हणालो तेही ऐकलं होतं. ती वाट बघत होती. मी आता काय बोलतो एवढंच तिला बघायचं होतं.

"असू द्या, मावशी," मी म्हणालो. "होतं असं कधीकधी."

मावशीचा चेहरा एकदम सैल झाला. इतके दिवस काहीतरी तिला खात होतं, ते गेलं. ती सुनेकडे वळून म्हणाली, "बघ. मी सांगत नव्हते तुला? मनात ठेवणारा माणूस नाही तो." मग वाकून तिने गाठोड्याला हात घातला, आणि माझे आभार मानत मानत सुनेच्या मदतीने ते डोक्यावर घेतलं.